नवा सिद्धांत आणि विहिरींतील दगड



भूम तालुक्यांतील ईट गांवच्या एखाद्या विहिरीच्या कांठीं उभें राहून दगड खालीं सोडावा. तो दोन सेकंदांत पाण्याला लागला, तर पाणी सुमारें २० मीटर खोल आहे असें समजावें. गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणाऱ्या गृहस्थाची पहिली परीक्षा याच कांठावर होते. त्याच्या सूत्रांतून हाच आकडा निघाला पाहिजे. शिवाय चंद्राची गति, भरती-ओहोटी आणि ग्रहणांच्या वेळा त्याच सूत्रानें जुळल्या पाहिजेत. हौशी संशोधक अडखळतो तो येथें. जुन्या सिद्धांतांतील एखादी न पटणारी गोष्ट त्याला दिसते. त्या सिद्धांतानें पेललेला हजारों मोजमापांचा भार दिसत नाहीं.

मग हौशी माणसाला कधींच यश येत नाहीं काय? देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हौशीच होते. सारखे अंक नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करीत जावें. फार तर सात वेळांत ६१७४ हाती येते. ३५२४ पासून तिसऱ्याच वेळीं येते. त्यांचें हें म्हणणें कोणीहि पाटीवर पडताळावें. पदार्थविज्ञानांत मात्र पाटी पुरत नाहीं; तेथें निवाडा निसर्ग देतो.

तो निवाडा अलाहाबादचे मुख्य न्यायाधीश सर शाह सुलेमान यांनाहि चुकला नाहीं. केंब्रिजला गणित शिकलेल्या या गृहस्थांनीं १९३४ च्या सुमारास सापेक्षतावादाला पर्याय मांडला. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश आइन्स्टाइनच्या मतें १.७५ विकला वळतो. सुलेमानांचा आकडा त्याहून मोठा होता. १९३६ च्या सूर्यग्रहणानें वाद मिटला नाहीं. पुढें रेडिओ-तरंगांच्या सूक्ष्म मोजण्यांनीं आइन्स्टाइनचाच आकडा खरा ठरविला. तरीहि पडताळतां येईल असा आकडा सुलेमानांनीं पुढें ठेवला, हें त्यांचें मोठेपण होय. बहुतेक हौशी सिद्धांत इतकेंहि धाडस करीत नाहींत.

१९०५ सालीं आइन्स्टाइन पेटंट कचेरींत नोकर होता, असा दाखला पुष्कळदां दिला जातो. परंतु झुरिक येथें त्यानें पदार्थविज्ञानाचें रीतसर शिक्षण घेतलें होतें. कचेरी बाहेरची असली, तरी विद्या आंतली होती.

आपल्या वहींत एखादें नवें सूत्र असेल, तर ती वही फाडूं नका. त्या सूत्रांतून प्रथम विहिरींतील दगडाचें उत्तर काढा. मग जुन्या सिद्धांताहून निराळा असा एक तरी आकडा सांगा. तो चुकला, तर सूत्र सोडून देण्याची तयारी ठेवा. हौशी माणूस शास्त्रज्ञ होतो तो तेव्हांच.