पत्त्याची पाठ



राजापुरात लहान चित्रांवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. आपल्याच तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्या हत्तीशेजारी आमचा तळहाताहून लहान, खेळायचा रंगीत पत्ता ठेवला तर तो वाऱ्याने कुठे उडाला तेही कळायचं नाही. पण त्या कोरणाऱ्याने नुसता हत्ती काढून हात झटकले नाहीत. हत्तीच्या पोटात जलचरांच्या, जनावरांच्या कितीतरी लहान आकृत्या भरल्या. तेव्हा बारीक कामाची खोड या मातीत जुनीच आहे.

मला आज कलेच्या सौंदर्यावर बोलायचं नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मला बोलायचंय ते बारीक चित्रकामावर घर चालवण्याबद्दल.

आपल्या भागात बहुतेकांच्या हाती पहिला ब्रश येतो तो गणपतीच्या कारखान्यात. माझंही तसंच झालं. पावसाळ्यात घरोघरचे पाट येऊन पडतात, शाडूचा वास सुटतो, आणि ज्या पोराचा हात थरथरत नाही त्याला आधी पितांबराचा काठ देतात, मग दागिने, मग बोटांची नखं. डोळ्यांची आखणी शेवटी. ती मिळायला काही जणांना दहा वर्षं लागतात, काहींना कधीच मिळत नाही. चतुर्थी झाली की हा हात रिकामा. वर्षाचे दोन-तीन महिने जो कारागीर असतो तो उरलेलं वर्ष हौशी होतो: वाढदिवसाला चित्र काढून देतो, लग्नात रुखवताची पाटी रंगवतो, आणि कुणी पैसे विचारले तर "राहू दे हो, असू दे" म्हणतो. कसब आपल्याकडे आहे. ते बारमाही करायचं कसं, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. सावंतवाडीचा गंजिफा. आज तुमच्यापैकी बरेच जण तो रंगवता, म्हणून तपशिलात जातेच.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्याला दशावताराचं रूप आलं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पत्ते, एकूण 120. सावंतवाडीच्या चितारी मंडळींचं हे काम. पुढे छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागले, खेळणारे गेले आणि रंगवणारेही गेले. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं तेव्हा हे काम खऱ्या अर्थाने येणारे म्हणून पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. राजाराणी त्यांच्याकडून शिकले.

ही गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात, कारण राजाराणीने कारागिरापुढे बसून शिकणं ऐकायला गोड वाटतं. माझ्या लेखी खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. तो त्या दोघांचा छंद म्हणून राहिला असता तर त्यांच्याबरोबर संपला असता. त्यांनी गावातली मुलं हाताशी घेतली, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये त्यांना बसवलं, काम दिलं आणि माल विकायला ठेवला. खेळणारे आता मिळणार नाहीत हे ओळखून तीच नक्षी डब्यांवर, पाटांवर, फर्निचरवर नेली. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, सत्वशीलादेवी 2018 मध्ये. काम चालू आहे. अलीकडे त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता पत्त्याकडे या. हौशी माणूस गंजिफा रंगवायला घेतो तेव्हा तो मत्स्याचा राजा आधी रंगवतो. साहजिक आहे, सगळं कौतुक तिथे आहे. मुकुट, शेला, मागे प्रभावळ. आठवडाभर त्यावर बसतो, फोटो काढतो, शंभर जणांना पाठवतो. पण 120 पत्त्यांत राजे दहा आणि प्रधान दहा. उरलेले शंभर पत्ते एक्क्यापासून दहापर्यंतचे. एका रंगात एक अधिक दोन अधिक तीन करत दहापर्यंत गेलात तर चिन्हं होतात 55. म्हणजे 55 मासे, 55 कासवं, 55 शंख, असे दहा रंग. साडेपाचशे चिन्हं. पन्नासावा मासा पहिल्या माशाचा सख्खा भाऊ दिसला पाहिजे, आणि तो काढताना कुणी बघत नसतं, कुणी वाहवा करत नसतं. धंदा या साडेपाचशे चिन्हांत आहे. राजा तर कुणीही रंगवील.

त्याच्याही पुढची परीक्षा पत्त्याच्या पाठीवर असते. गंजिफा हे चित्र नंतर, आधी तो खेळ आहे. तिघं बसतात, प्रत्येकाला 40 पत्ते, दिवसा राम उतारी करतो, रात्री कृष्ण. आता समजा तुमच्या एका पत्त्याच्या पाठीवरचा लाल रंग इतरांपेक्षा किंचित गडद झाला. दोन डावांनंतर समोरच्याला कळलं की हा वामनाचा प्रधान. संपला तुमचा संच. चित्र कितीही देखणं असो, तो आता खेळायच्या कामाचा नाही. म्हणून जुने लोक पाठीचा रंग संपूर्ण संचाला पुरेल इतका एकदम खलून घेत. हौशी माणूस रंग संपला की पुन्हा बनवतो. मी नवशिक्यांचं काम बघायला घेते तेव्हा आधी सगळे पत्ते पालथे टाकते. मुलांना राग येतो. येऊ दे.

कुणी म्हणेल, आता कोण खेळतंय? खरं आहे, गिऱ्हाईक चौकटीत लावायलाच नेतं. तरीही पाठ सारखी हवी. ज्याची पाठ सारखी त्याच्या हाताला माप आहे, आणि ज्याच्या हाताला माप आहे त्यालाच किंमत सांगता येते.

किमतीकडे येते. एका पत्त्याला सरासरी दोन तास धरा. राजाला जास्त लागतील, एक्क्याला कमी. 120 पत्त्यांचे 240 तास. इतकं बारीक काम दिवसात पाच तासांहून जास्त केलं तर डोळे संध्याकाळी जाब विचारतात, तेव्हा 48 दिवस. त्याला राजापुरातल्या गवंड्याच्या हजेरीने गुणा. त्यावर रंग, लाख, रंगवलेला डबा, कुरिअर. आलेला आकडा कागदावर लिहा आणि तो गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. इथे आपलं अडतं. गवंडी न लाजता हजेरी सांगतो, आणि आपण त्याच्याइतकेच दिवस मान मोडून बसतो तरी निम्मा आकडा सांगून वर "तुमच्यासाठी म्हणून" जोडतो. एका शहरातल्या दुकानदाराने मला एकदा सांगितलं होतं, "बाई, तुमची कला अनमोल आहे." त्याचा अर्थ तो मोल देणार नव्हता. त्यानंतर कुणी अनमोल म्हटलं की मी आधी विसार मागते.

अकबराच्या चित्रशाळेत असलं काही नव्हतं. त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजलने लिहून ठेवलंय की दारोगा आणि कारकून दर आठवड्याला सगळ्या चित्रकारांचं काम बादशहापुढे ठेवत, आणि कामाच्या गुणाप्रमाणे बक्षीस किंवा पगारवाढ मिळे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अकबरनाम्याच्या चित्रांखाली कारकुनांनी नोंदी केल्यात: आराखडा अमक्याचा, रंग तमक्याचा, कुठे चेहरे तिसऱ्याचेच. एका चित्रावर दोघंतिघं राबत आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नव्हता. आपल्या गणपतीच्या कारखान्यातही हेच चालतं. काठ काढणारा वेगळा, आखणी करणारा वेगळा. मग गंजिफा किंवा लघुचित्र घेतलं की सगळं एकट्यानेच करायचा हट्ट का? ज्याचे मासे चांगले त्याने मासे काढावेत, ज्याचे चेहरे चांगले त्याने चेहरे. तिघांनी मिळून वर्षात जितके संच होतील तितके एकेकट्याने बसणाऱ्या तिघांकडून होणार नाहीत, हे मी करून पाहिलेलं आहे.

जुन्या गंजिफात दोन प्रती असत. दरबारासाठी रंगवलेली ती दरबारी कलम, लोकांसाठी रंगवलेली ती बाजार कलम. दरबारीत हस्तिदंत, कासवाची पाठ, सोनं. बाजारीत कापड किंवा कागद, चिंचोक्याची खळ, साधे रंग, भराभर ओढलेल्या रेषा. कलेवर लिहिणारे बाजार कलमीकडे जरा नाक मुरडून बघतात. मला विचाराल तर बाजार कलम काढणाऱ्याचा हात जास्त तयार. त्याला रेघ पुसायला वेळ नव्हता. चार फटकाऱ्यांत कासव, आणि ते कासवच दिसतं. आपल्यातल्या हौशी मंडळींचा घोटाळा हा की प्रत्येक काम त्यांना दरबारीच करायचं असतं, आणि दर मात्र बाजारी लावायचा असतो.

आमच्या एका मुलाने मला मोबाइलवर दाखवलं तेव्हा कळलं की ही जोडी साता समुद्रापारही आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी आहे. ती युद्धाच्या खेळातले इंच-सव्वा इंचाचे सैनिक विकते, न रंगवलेले. घेणाऱ्याने ते जोडायचे, रंगवायचे आणि मग खेळायचं. 1987 पासून या सैनिकांच्या रंगकामाची गोल्डन डीमन नावाची स्पर्धाही चालते. ज्यांना वेळ नाही किंवा हात नाही ते दुसऱ्याकडून रंगवून घेतात, आणि हे रंगवून देणं हा जगभर काही लोकांचा पूर्णवेळ धंदा आहे. ते दोन दर सांगतात: खेळायला पुरेल असं काम हवं की कपाटात मांडायचं? बघा, बाजारी आणि दरबारी! त्या दोन्ही कामांत किती छटा येतील, डोळ्याची बुबुळं काढायची की नाही, हे आधीच ठरलेलं असतं. नखाएवढ्या चेहऱ्यावर आखणी करणारी माणसं राजापूर तालुक्यात कमी आहेत का? बारा इंची गणपतीचे डोळे ज्याने वर्षानुवर्षं काढले त्याला तो शिपाई फार छळणार नाही. आपल्यातल्या दोघांचं अशा कामासाठी बोलणं चालू आहे, एक प्रयत्न म्हणून. यश आलं तर सांगेन.

नावाबद्दल मात्र सांभाळा. मानांकन मिळालं म्हणून काही जण आपल्या पत्त्यांवर "सावंतवाडी गंजिफा" छापू लागलेत. भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 चा. नाव त्या ठरलेल्या भागातल्या मालाला लागतं आणि ते वापरणाऱ्यालाही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. राजापुरात बसून रंगवलेल्या संचावर ते नाव घालायचा हक्क आपल्याकडे आपोआप येत नाही. "दशावतारी गंजिफा, हाताने रंगवलेला, राजापूर" असं लिहा. एके काळी राजापूरची वखार सगळ्या पश्चिम किनाऱ्याला ठाऊक होती, नावाची लाज वाटण्याचं कारण नाही. आणि छापील पत्त्यावर नुसता हात फिरवला असेल तर तसंही लिहा. छापील संच विकायला माझी ना नाही. हाताचा म्हणून विकायला आहे.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. मूर्तिकार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे, चित्रकार नाही. ज्यांचा कारखाना आहे त्यांनी अर्ज करावा, बाकीच्यांनी निदान हस्तकला आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र काढून ठेवावं. प्रदर्शनात गाळा मागताना ते विचारतात.

ब्रशबद्दल एक गोष्ट कडक सांगते. मुंगसाच्या केसांचा ब्रश अजून काही ठिकाणी लपूनछपून मिळतो आणि जुनी मंडळी त्याची तारीफ करतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, तो ब्रश विकणं गुन्हा आहे, आणि एवढ्या बारीक टोकाचे कृत्रिम ब्रश आता सहज येतात. आपल्या कुणाच्याही डब्यात तो ब्रश दिसू नये.

आणि डोळे. चाळिशी लागली की भिंगाचा दिवा घ्या, लाजू नका. दुपारचं ऊन खिडकीतून पडतं तेवढा वेळ चेहरे काढा, संध्याकाळी पार्श्वभूमी भरा. दिव्याखाली रंग वेगळा दिसतो आणि सकाळी पश्चात्ताप होतो.

मुलाने चित्रकला धंदा म्हणून घ्यावी की नाही, असं काही पालकांनी मला इथे येताना विचारलं. त्यांना मी उलट विचारलं की तो एकच मासा पंचावन्न वेळा काढील का? जो काढील त्याला बसवा. जो एक काढून दुसऱ्या कशाकडे वळेल त्याचंही चित्र चांगलंच असू शकतं, पण त्याला नोकरी करू द्या आणि रविवारी रंगवू द्या. त्यातही आनंद आहे, आणि अशा माणसांशिवाय आपला माल विकत घेणारं, त्यातलं बरंवाईट ओळखणारं गिऱ्हाईक येणार कुठून?

दुपारी दर ठरवायची बैठक आहे. बाजारी आणि दरबारी अशा दोन पायऱ्या ठरवाव्यात, दोन्हींचा नमुना म्हणून एकेक पत्ता संयोजकांकडे ठेवावा, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कुणी खळ शिजवायला घेऊ नये, असं मी तिथे मांडणार आहे. चतुर्थीच्या आधीचे दोन महिने नवीन ऑर्डर बंद ठेवावी, असंही मांडणार आहे. त्यावर भांडण होणार हे मला ठाऊक आहे, म्हणून संयोजकांना सांगून मी जेवण आधी ठेवायला लावलंय.