मेमरीची उधारी



हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीत किंवा तिथून पुढे आबिड्सच्या जगदीश मार्केटात स्वस्तातला मोबाईल पाहायला गेलं, की ‘४+४ जीबी रॅम’ ही जाहिरात दिसतेच. ‘आठ जीबी है भाई’ म्हणून दुकानदार मोकळा होतो. त्यातले खरे चार. उरलेले चार म्हणजे फोटो-गाणी ठेवायच्या साठवणुकीतला एक कोपरा. वेगाच्या बाबतीत तो रॅमच्या आसपासही फिरकत नाही. पण दुकानदाराला एकट्यालाच का बोला? फोनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीमही दिवसभर खिशात नसलेल्याची आश्वासनं देत असते.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. एखाद्या प्रोग्रॅमने १ जीबी मेमरी मागितली, की लिनक्स सहसा लगेच हो म्हणतं. हातात पडतात ते मात्र नुसते पत्ते. त्या पत्त्यावर प्रोग्रॅम पहिल्यांदा काही लिहायला जातो, तेव्हा कुठे खऱ्या रॅममधलं, बहुधा ४ केबीचं, एक पान त्याच्या नावावर चढतं. प्रोग्रॅमही काही कमी नाहीत. लागो न लागो, जास्तीचं मागून ठेवतात.

अँड्रॉइडवरचं जवळजवळ प्रत्येक ॲप ‘झायगोट’ नावाच्या एकाच प्रक्रियेची नक्कल म्हणून जन्माला येतं. कागदोपत्री प्रत्येकाची मेमरी वेगळी, प्रत्यक्षात पानं सामाईक. एखाद्याने पान बदललं, तरच त्याला त्याची वेगळी प्रत मिळते. कागदावरच्या या सगळ्या मेमरीसाठी आधीच रॅम राखून ठेवायची म्हटलं, तर दहा-वीस ॲपमध्येच फोन हात टेकेल.

कोठीतल्या बँक स्ट्रीटवरच्या बँकाही सगळे ठेवीदार एकाच दिवशी रांगेत येणार नाहीत या भरवशावरच कर्जं देतात. फक्त त्यांच्या डोक्यावर रिझर्व्ह बँक असते. लिनक्समध्ये हात किती सैल सोडायचा, हे यंत्र सांभाळणाराच एका आकड्याने ठरवतो. ० म्हणजे अगदीच अवाजवी मागणी तेवढी नाकारायची. १ म्हणजे कुणालाच नाही म्हणायचं नाही. २ म्हणजे काटेकोर हिशोब. या तिसऱ्या पद्धतीत, मूळ सेटिंग बदललं नसेल तर, पूर्ण स्वॅप (रॅमला जोड म्हणून राखलेली साठवणुकीतली जागा) आणि निम्मी रॅम एवढीच वचनाची मर्यादा. ८ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप असेल, तर ६ जीबी. विंडोज मात्र सावध: रॅम आणि पेजफाइल, म्हणजे त्याचा स्वॅप, यांची बेरीज संपली, की नवं वचन बंद.

सैल हाताची किंमत उशिरा कळते. मागताना नकार मिळाला असता, तर प्रोग्रॅम निदान काही तजवीज करू शकला असता. इथे होकार केव्हाच मिळालेला असतो आणि पान द्यायच्या वेळी रॅम संपलेली असते. मग लिनक्स ‘ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर’ला बोलावतं. तो प्रत्येक प्रक्रियेला गुण देतो आणि सर्वांत जास्त गुणवाल्याला ठार करतो. हे गुण मुख्यतः बळकावलेल्या मेमरीवर ठरत असल्याने सर्व्हरवर बळी जातो तो बहुधा डेटाबेसचा, म्हणजे ज्याच्यासाठी सर्व्हर घेतला त्याचाच! म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस आपल्या माहितीपुस्तिकेत वरच्या आकड्यांपैकी २ सुचवतो. रेडिस हा डेटाबेस मात्र १ ठेवायला सांगतो, कारण माहिती डिस्कवर उतरवताना तो स्वतःची नक्कल काढतो आणि कागदावरची त्याची मेमरी घटकाभर दुप्पट होते. सल्ले उलटे, पण दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

फोनवर सहसा ही वेळ येऊ दिली जात नाही. अँड्रॉइड ९ पासून ‘एलएमकेडी’ नावाचा पहारेकरी मेमरीवरचा ताण पाहून मागे पडलेली ॲप आधीच बंद करू लागतो. बँकेच्या ॲपमध्ये अर्धा अर्ज भरून ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जावं आणि परत येईतो अर्ज कोरा व्हावा, यामागे पुष्कळदा हाच असतो. खरं तर मागे जाताना ॲपने आपली अवस्था जपून ठेवावी, अशी सोय अँड्रॉइडने केलेली आहे. ती न वापरता फोनकडे बोट दाखवणं ॲप लिहिणाऱ्यांना फार सोयीचं पडतं.