आपल्या वतीनं कोण बोलणार?

(दहावी १९९६च्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा एआयवर काहीतरी बोल." एआयबद्दल तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज भरपूर मिळतं, म्हणून मी दुसराच विषय घेतला आहे. आजच्या आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्याच ग्रुपवर हल्ली काय येतं ते आठवा. पूर्वी "मुलाला कुठल्या क्लासला घालू?" असं विचारलं जायचं. आता "मुलुंड-ठाण्यात आयसीयूमध्ये बेड कुठे मिळेल?" असे निरोप येतात. डॉक्टर कागद पुढे करून "जवळचं कोण आहे?" असं विचारतात, तेव्हा पुढे व्हायचं वय आता आपलं आहे.

माझा विषय असा: आपलं माणूस बोलू शकत नाही, शुद्धीवर येण्याची आशा नाही आणि यंत्रावर आहे. अशा वेळी उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हे कुणी आणि कशाच्या आधारे ठरवायचं?

या प्रश्नाचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा खटला आपल्याच शहरातला आहे. परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची परिचारिका होती. मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर अत्याचार केला आणि कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला. मेंदूला रक्तपुरवठा थांबला. ती वाचली, पण परत कधी आपल्यात आली नाही. तेव्हा आपल्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता. आपली शाळा, कॉलेज, नोकऱ्या, लग्नं, मुलं, सगळं होईपर्यंत ती त्याच रुग्णालयात होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं ती गेली. मधे जवळजवळ बेचाळीस वर्षं होती.

लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं होतं. २००९मध्ये त्या तिच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणाला अन्न देणं थांबवावं आणि तिला शांतपणे जाऊ द्यावं, अशी त्यांची मागणी होती. केईएमच्या परिचारिकांनी याला ठाम विरोध केला. पिढ्यानपिढ्या नव्या येणाऱ्या मुलींनी तिला आंघोळ घातली होती, भरवलं होतं, कुशीवर वळवलं होतं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिला बेडसोअर झाला नाही, याची नोंद न्यायालयानं घेतली. ज्यांनी घरी कुणाची शुश्रूषा केली आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

न्यायालयानं तीन डॉक्टरांकडून तिची तपासणी करून घेतली. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. मात्र, मरणासाठी इंजेक्शन देणं बेकायदा असलं, तरी जीव धरून ठेवणारे उपचार थांबवणं काही अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीनं शक्य आहे, असं त्याच निकालात पहिल्यांदा मान्य झालं. जिच्या नावानं हा मार्ग मोकळा झाला, तिच्यासाठी तो वापरला गेला नाही.

याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. अरुणाचं जवळचं माणूस कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. आईवडील हयात नव्हते, नातेवाईक फिरकत नव्हते. न्यायालय म्हणालं, पिंकी विराणी यांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण रात्रंदिवस तिची सेवा करणारे केईएमचे लोक हेच तिचे जवळचे. त्यांना ती जगायला हवी आहे. उद्या त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं.

मी हा निकाल वाचला तेव्हा मला दोन्ही बाजू पटल्या. आपल्याकडे भरवणं हा उपचार नसतो, ती माया असते. ज्या हातांनी इतकी वर्षं भरवलं, ते हात थांबवा असं कुणी सांगावं? दुसरीकडे, असं आयुष्य माझ्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही, आणि या सभागृहातल्या कुणालाही वाटत नसणार. परिचारिकांना काय हवं होतं ते कळलं, पिंकी विराणी यांना काय हवं होतं तेही कळलं. अरुणाला काय हवं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पंचविशीतली, लग्न ठरलेली मुलगी असल्या गोष्टी कशाला बोलून ठेवेल?

अमेरिकेत टेरी शायव्होच्या बाबतीत हेच झालं. १९९०मध्ये ती घरी कोसळली आणि मेंदूला इजा झाली. नवरा म्हणाला, तिला असं जगायचं नव्हतं. आईवडील म्हणाले, हे खोटं आहे. लिहिलेलं काहीच नव्हतं. प्रकरण कोर्टातून थेट अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं. अन्न देणारी नळी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ३१ मार्च २००५ रोजी ती गेली, तेव्हा तिच्यावर प्रेम करणारी माणसं एकमेकांची शत्रू झाली होती.

आता माझ्या घरातलं सांगते. माझ्या आत्याला तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. घाटकोपरच्या महापालिका शाळेत ती शिकवायची आणि मुलुंडला आमच्याकडे राहायची. तिनं लग्न केलं नाही. आम्ही चार भावंडं, चुलत धरून, तिच्या हाताखाली वाढलो. तिला मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. दहाव्या दिवशी मूत्रपिंडं थकली. डायलिसिस सुरू करायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

आयसीयूबाहेर आम्ही सहा जण होतो आणि सहा मतं होती. "मला नळ्यांमध्ये ठेवू नका," असं आत्या एकदा म्हणाली होती. पण शेजारच्या काकूंना भेटून आल्यावर कोण असं म्हणत नाही? माझा चुलतभाऊ म्हणाला, "ती असंही म्हणाली होती की नातीचं लग्न बघूनच जाईन. मग त्याचं काय?" त्याचंही खरं होतं. काका नाशिकहून फोनवर म्हणत होते, पैशांकडे बघू नका. बाबा एका बाकावर बसून होते. "धाकटी बहीण आहे माझी," ते म्हणाले, "मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मग तिथल्या डॉक्टरबाई आमच्यात येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय, हे मी विचारत नाहीये. समजा त्या आत्ता तासभरासाठी उठून बसल्या, स्वतःचे सगळे रिपोर्ट त्यांना समजले, आणि परत त्याच अवस्थेत जायचंय हेही कळलं. त्या काय सांगतील?"

त्या प्रश्नानं बोलण्याची दिशाच बदलली. तोवर आम्ही आमची तयारी आहे का, लोक काय म्हणतील, नंतर मनाला लागेल का, यावर बोलत होतो. आता आत्याबद्दल बोलायला लागलो. दुसऱ्यानं आपली वेणी घातलेलीही तिला चालत नसे. पेन्शनचा अर्ज तिनं स्वतः रांगेत उभं राहून भरला होता. बाबाच शेवटी म्हणाले, "ती म्हणेल, पुरे."

डायलिसिस करायचं नाही आणि व्हेंटिलेटर काढण्यासाठी पुढची प्रक्रिया करायची, असं ठरलं. चुलतभावानं सही केली नाही, आडकाठीही केली नाही. डॉक्टरांच्या पहिल्या मंडळानं मत दिलं. दुसऱ्याचं यायच्या आत, सतराव्या रात्री, आत्या गेली. दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे जमतो. त्या खुर्चीकडे बघून अजून कुणी फार बोलत नाही.

माझ्या कामातली एक गोष्ट इथे लागू पडते. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही काही निवडलं नाहीत, तर आधीच ठरवून ठेवलेला पर्याय आपोआप चालतो. आयसीयूमध्ये तो पर्याय म्हणजे उपचार चालू ठेवणं, आणि तो तसाच असायला हवा, नाहीतर वाचणारी माणसं मरतील. पण "आम्ही काही ठरवलं नाही" असं आपण म्हणतो तेव्हाही काहीतरी ठरलेलंच असतं, हे लक्षात ठेवायला हवं.

कायदा आता बराच सोपा झाला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात धरला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्यातल्या किचकट अटी सैल केल्या. आता कागदावर दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो साक्षांकित करावा लागतो. आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्यांची नावं त्यात घालता येतात. वेळ येते तेव्हा रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं मंडळ आधी मत देतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं. प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. प्रत्यक्ष कृतीआधी मॅजिस्ट्रेटना कळवलं जातं. कागद नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं याच वाटेनं जाता येतं. आम्ही तसेच निघालो होतो.

कागदाची प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही द्यायची असते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं, तेव्हा असा अधिकारीच नेमलेला नव्हता. म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर नेमणुका झाल्या. एका माणसानं पाठपुरावा केला, म्हणून आपली सोय झाली.

शंका माझ्याही मनात आहेत. जागेच्या लोभानं कुणी म्हाताऱ्यांना लवकर वाटेला लावेल, ही भीती खोटी नाही. मुंबईत तर नाहीच. दोन मंडळं आहेत ती त्यासाठीच. आणि निरोगी असताना लिहिलेलं आजारपणात बदलू शकतं. म्हणून कागद कधीही बदलता येतो, आणि माणूस शुद्धीवर असेपर्यंत त्याचाच शब्द चालतो.

आत्यानंतर बाबांनी मला स्वतःहून समोर बसवलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. त्यांची उत्तरं सरसकट नव्हती. व्हेंटिलेटर लावा, पण तीन आठवडे बघा. गिळता येतंय तोवर हातानं भरवा. नळीनं नको. दुखणं मात्र कमी करा, त्यात काटकसर नको. आईनं काही सांगायला नकार दिला. "मला नाही कळत यातलं, तू ठरव," म्हणाली. मी तेही लिहून घेतलं, कारण कुणी ठरवायचं हे तिनं सांगितलं होतं. माझा स्वतःचा कागदही केला आहे. नवऱ्यानं वाचला, दोन दिवस गप्प होता, मग एका ओळीचा अर्थ विचारला. ती ओळ आम्ही मिळून पुन्हा लिहिली.

तेव्हा माझी विनंती एवढीच. या रविवारी जेवण झाल्यावर आईवडिलांना विचारा. कसं विचारायचं हे सुचत नसेल, तर माझ्या आत्याची गोष्ट सांगून सुरुवात करा, तिची हरकत नसती. आणि मुलं अठरा वर्षांची झाली असतील, तर त्यांना तुमचं स्वतःचं सांगा.

सर, बाई, हे तुमच्यासमोर बोलताना मला संकोच वाटत होता. मघाशी चहाच्या वेळी बाईंना विषय सांगितला, तर त्या म्हणाल्या, "बोल तू. माझ्या मुलाशी मी अजून बोलले नाहीये, त्याला तुझं भाषण वाचायला देते." म्हणून स्मरणिकेसाठी हे भाषण लिहून दिलं आहे.