बाळाचा श्वास ऐकू येऊ लागला तर



तान्ह्या बाळाचा श्वास सहसा ऐकू येत नाही. तो ऐकू येऊ लागला की घरातली माणसे कावरीबावरी होतात. दहापंधरा दिवसांचे मूल श्वास आत ओढताना कर्कश आवाज करू लागते. रडताना, दूध पिताना, उताणे निजवले असताना तो आवाज वाढतो. मग कोणी म्हणते कफ झाला, कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि कोणी बाळंतिणीने काय खाल्ले याची चौकशी सुरू करते. आईच्या खाण्याचा यात काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

या आवाजाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे श्वासनळीच्या तोंडाशी असलेला जन्मजात मऊपणा. डॉक्टर त्याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात. तिथली कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीसारखे लवचिक हाड म्हणा ना, अजून घट्ट झालेली नसते. श्वास आत ओढला की ती आत झुकते आणि वाट अरुंद होते. पहिले काही महिने आवाज वाढतच जातो. पण बहुतेक मुलांत दीड-दोन वर्षांपर्यंत तो आपोआप जातो. थोड्या मुलांना शस्त्रक्रिया लागते. मात्र असा आवाज दुसऱ्या, अधिक गंभीर कारणांनीही येतो, म्हणून एकदा तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा पाहिलाच पाहिजे. 'मोठे झाले की जाईल' हे त्यांनी सांगावे, शेजारणीने नव्हे.

त्यानंतर खरे काम आईबापांचे. आवाज रोजचाच झाला, म्हणजे धोका केव्हा आहे हे ओळखायचे कसे? कानापेक्षा डोळ्यांवर अधिक भरवसा ठेवा. अंगातले झबले वर करा. श्वासागणिक बरगड्यांखाली किंवा गळ्याशी खळगा पडतो का? ओठ, जीभ निळसर दिसतात का? श्वास मधेच थांबतो का? दूध ओढताना दमून ते सोडून देते का? यांतले काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. वजनही दरमहा अंगणवाडीत करून घ्या. श्वासाशी झुंजण्यात सगळी शक्ती गेली, तर बाळ वाढत नाही.

श्वास मोजणेही शिकावे. बाळ शांत असताना पुरे एक मिनिट पोटाकडे पाहून मोजावे. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा अधिक श्वास भरले, तर तो जलद समजावा. खोकला आणि जलद श्वास ही न्यूमोनियाची खूण असू शकते, आणि ज्याची वाट आधीच अरुंद, त्याला साधी सर्दीही जड जाते. हे काही फक्त शिकलेल्यांचे काम नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. त्या गावांत न्यूमोनियाने दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण पुष्कळ घटले, आणि तो अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. आपल्या जामखेडला तर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 सालीच काम आरंभले होते. त्यांनी घडवलेल्या ग्रामआरोग्य सेविकांपैकी कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. त्यांना जमले, ते आईबापांना का जमू नये?

आता आपल्या काही चालीरीतींकडे वळतो. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देतात. हौस म्हणून ठीक वाटेल, पण अशा बाळाला धूर म्हणजे शत्रू. चुलीचा, विडीचा, मिश्री भाजण्याचा धूर, तोही नको. नाकात तेलाचे थेंब घालू नयेत. ते फुप्फुसात उतरू शकते. पोटावर बिब्बा घालणे, डागणे, हा तर निव्वळ छळ आहे. दूध पाजताना डोके उंच धरावे, मधे थांबून दम घेऊ द्यावा. रात्री मात्र उताणेच निजवावे. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून पालथे निजवू नये.

क्वचित एखाद्या बाळाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवावी लागते. त्या घरची गोष्ट निराळीच. अशा बाळाचे रडणे बहुधा ऐकू येत नाही. ते रडते, तोंड वेडेवाकडे होते, आवाज नाही. म्हणून रात्री कोणीतरी जवळ जागे असावे लागते. नळीतला चिकटा यंत्राने ओढून काढणे, नळी निसटली तर ती पुन्हा बसवणे, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी घरातल्या निदान दोघांनी हाताने करून शिकले पाहिजे. त्या दोघांत बाप असलाच पाहिजे, असे माझे मत आहे. एकट्या आईने किती रात्री जागाव्यात? पायांवर घेऊन डोक्यावरून पाणी ओतण्याची आपली रीत इथे जिवावर बेतेल. गळ्याखालचे अंग ओल्या फडक्याने पुसावे.

शिक्षकबंधूंनो, एक काम तुमच्याकडे आहे. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुले तुमच्या वर्गात बसतात. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी तान्ह्याच्या हाती देऊ नये, हे त्यांना सांगा. रांगत्या मुलाला एकाएकी ठसका लागून आवाज सुरू झाला, तर तो जन्मजात मऊपणा नव्हे. काहीतरी अडकले आहे असेच धरून दवाखाना गाठावा.

पाथर्डी-जामखेडकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. आवाज करणारे बाळ कोपीवर न्यायचेच असेल, तर निघण्यापूर्वी तपासणीचे कागद, लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या. कारखान्याच्या गावी पोहोचताच तिथल्या आशाताईला बाळ दाखवून ठेवा. तिथला सर्वांत जवळचा सरकारी दवाखाना कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारा. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण फडातून बोलताना गावाचे, शिवाराचे आणि कारखान्याचे नाव नीट सांगता आले पाहिजे, म्हणून ते कार्डाच्या मागे कोणाकडून तरी लिहून घ्या.