बुटांचा रिकामा खोका

आज एका जुन्या कृष्णधवल सिनेमाबद्दल बोलायचं आहे. ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’, १९५८ सालचा. शेवटही सांगणार आहे, कारण खरा प्रश्न शेवटातच आहे.

अमेरिका-मेक्सिको सीमेवरचं गाव. गाडीत ठेवलेल्या बॉम्बने लिनेकर नावाचा बडा असामी मारला जातो. तपास येतो कॅप्टन क्विनलनकडे. या माणसाचा मोठा दबदबा आहे. सरकारी वकील आणि पोलीसप्रमुख त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. त्याचा संशय जातो सान्चेझ या मेक्सिकन तरुणावर. लिनेकरच्या मुलीशी त्याचे संबंध असतात.

मेक्सिकोचा अधिकारी वार्गास तिथे हजर असतो. सान्चेझच्या न्हाणीघरात त्याच्या हातून बुटांचा एक खोका पडतो. खोका रिकामा असतो. थोड्या वेळाने त्याच खोक्यात पोलिसांना डायनामाइटच्या दोन कांड्या ‘सापडतात’.

वार्गास जुन्या केसेसची कागदपत्रं उपसतो. पुरावा आयत्या वेळी सापडण्याची तीच तऱ्हा अनेक ठिकाणी दिसते. पण वरिष्ठ त्याच्यावरच भडकतात. त्यांची अब्रूही क्विनलनच्या नावाला बांधलेली आहे. भ्रष्टाचार म्हटला की आपल्याला नोटांची पाकिटं आठवतात. इथे नोटा नाहीत. प्रत्येकाची सोय आहे.

क्विनलनचं दुःख खरं आहे. त्याच्या बायकोचा गळा आवळून खून झाला आणि खुनी सुटला. तेव्हापासून त्याने ठरवलं, आता कुणी सुटणार नाही. पण पुरावा पेरणारा हा हात पुढे कुठे जातो? वार्गासच्या बायकोला अडकवण्यासाठी तो एका गुंडाशी हातमिळवणी करतो आणि शेवटी त्या गुंडाचा स्वतःच गळा आवळतो.

आता शेवट. क्विनलन मरतो आणि बातमी येते : सान्चेझने गुन्हा कबूल केला. म्हणजे क्विनलनचा अंदाज बरोबर होता? मग खोक्याचं काय एवढं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखाद्याने टेस्ट पास व्हावी म्हणून अपेक्षित उत्तरच कोडमध्ये लिहून ठेवलं, तर स्क्रीनवर हिरवी खूण येते. पण त्या खुणेला काही अर्थ उरत नाही. पुढच्या वेळी प्रोग्रॅम चुकला तरी ती हिरवीच दिसेल. क्विनलनच्या जुन्या केसेसचं तेच झालं. त्यात खरे गुन्हेगार असतीलही, पण निर्दोष कोण, हे ओळखायची सोयच त्याने मोडून टाकली. आणि सान्चेझची कबुलीही आपण डोळ्यांनी पाहत नाही, नुसती ऐकतो.

सिनेमात खोटही आहे. मेक्सिकन वार्गासची भूमिका गोऱ्या चार्ल्टन हेस्टनने चेहरा सावळा रंगवून केली आहे. पूर्वग्रहावर बोट ठेवणाऱ्या सिनेमाला हे शोभत नाही, आणि तेही बोललं पाहिजे.

स्टुडिओने वेल्सच्या मनाविरुद्ध काटछाट केली होती. त्याने ५८ पानी सूचना लिहून दिल्या. त्यांच्या आधारे १९९८ साली नवं संकलन झालं. मिळालं तर तेच पाहा. आणि खोक्याचा प्रसंग आला की स्वतःला विचारा : हा पोरगा गुन्हेगारच आहे हे मला आधीच कळलं असतं, तर मी गप्प बसलो असतो का? तुमचं उत्तर ऐकायला मला आवडेल.