फिरत्या वजनाचा हिशेब

जात्यावर दळणाऱ्या गृहिणीला एक गोष्ट कोणतेही पुस्तक न वाचता ठाऊक असे. जाते सुरू करताना जोर लागतो. एकदा ते फिरू लागले म्हणजे हात हलका पडतो. कुंभार आपले चाक जड ठेवतो, आणि तेही कडेला जड ठेवतो, ते याचसाठी. परंतु जो गुण कुंभाराला हवा असतो, तोच मोटारीच्या एका यंत्रात दोष ठरतो. ते यंत्र म्हणजे सुपरचार्जर. त्यातील फिरत्या वजनासंबंधी आज मी चार शब्द सांगणार आहे.

इंजिनात इंधन जाळावयाचे तर हवा हवी. दट्ट्या खाली सरकताना जेवढी हवा आत ओढली जाईल, तेवढ्यावर साधे इंजिन समाधान मानते. सुपरचार्जर हा अधिक हवा दाबून भरणारा पंप होय, आणि तो इंजिनाच्याच शक्तीवर फिरतो. त्याचा एक प्रसिद्ध प्रकार मोटारीसाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या दोघा बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले, आणि भट्ट्यांना वारा घालण्याकडे त्याचा उपयोग होऊ लागला. पाकळ्यांच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांना स्पर्श न करता उलटसुलट फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर बसविलेल्या गाड्या मांडल्या. १९२८ च्या तिच्या एसएसके गाडीत पायाखालची पट्टी पूर्ण दाबली म्हणजेच क्लचद्वारा हा पंप जोडला जाई. स्वस्थ बसलेले रोटर क्षणार्धात पूर्ण वेगावर आणावयाचे, हे काम किती अवघड असेल ते पाहा.

अवघड का, हे थोड्या गणिताने कळते. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व केवळ तिच्या वजनावर ठरत नाही. ते वजन आसापासून किती दूर आहे, त्या अंतराच्या वर्गावर ठरते. समजा, एक किलो धातू आसापासून पाच सेंटिमीटरवर मिनिटाला बारा हजार फेरे घेत आहे. त्यात सुमारे दोन हजार जूल ऊर्जा साठते. म्हणजे क्विंटलभर धान्याचे पोते दोन मीटर उचलण्याइतकी. तोच धातू अडीच सेंटिमीटरवर आणला, तर ही ऊर्जा चौथाईवर येते. वजन तेच, परंतु त्याची जागा बदलली.

दुसरी गोष्ट अशी की, सुपरचार्जर बहुधा इंजिनाहून जलद फिरतो. तो दुप्पट वेगाने फिरत असेल, तर त्याचे जडत्व इंजिनाला चौपट जाणवते. पंख्याच्या चाकाचा केंद्रोत्सारी सुपरचार्जर इंजिनाच्या आठपट वेगाने फिरला, तर चौसष्टपट. म्हणून त्या चिमुकल्या चाकातला प्रत्येक ग्रॅम मोलाचा. गिअर बदलताना इंजिनाचा वेग एकाएकी उतरतो, तेव्हा हेच जडत्व पट्ट्याला आणि दातेरी चाकांना हिसका देते.

यावर उपाय काय? रोटर अॅल्युमिनियमचे व आतून पोकळ करावयाचे. कप्पीच्या कडेचे वजन काढावयाचे. सुपरचार्जरचा भाऊबंद जो टर्बोचार्जर, त्यात निसानने १९८५ साली सिलिकॉन नायट्राइड या मृत्तिका-जातीच्या पदार्थाचे टर्बाइन बसविले. निकेलच्या मिश्रधातूच्या मानाने त्याची घनता दोन-पंचमांशच होती.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हलक्या रोटरमुळे इंजिनाची कमाल शक्ती वाढत नाही. वेग स्थिर असताना जडत्व काहीच मागत नाही. ते मागते वेग वाढविताना. वरच्या उदाहरणातील रोटरचा वेग सेकंदाभरात तिप्पट करून बारा हजारांवर नेला, तर सुमारे अडीच अश्वशक्ती त्यात खर्ची पडते. हवा दाबण्याचे काम मात्र पूर्ण भारावर तीस-चाळीस अश्वशक्ती सहज घेते, आणि रोटर हलका केल्याने त्यात सूट मिळत नाही. लाभ आहे तो चपळाईचा.

म्हणूनच हौसेने कानस हाती घेणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. रोटरमधील फटी केसासारख्या बारीक असतात. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. भिंत पातळ झाली, तोल किंचित ढळला, की रोटर एकमेकांना घासतात; आणि वेग दुप्पट होताच त्यांवरील केंद्रोत्सारी ताण चौपट होतो. असा रोटर फुटला, तर त्याचे तुकडे कोठे जातील याचा नेम नसतो. वजन कमी करावयाचे ते आराखड्याच्या कागदावर आणि तोलयंत्रासमोर.

जडपणा मुळातच वाईट नव्हे. कुंभाराच्या चाकाला तो शोभतो, इंजिनाच्या गतिपालक चक्रालाही हवा असतो. ज्याला गती राखावयाची आहे त्याने जड असावे, आणि ज्याला हुकूम होताच धावावयाचे आहे त्याने हलके असावे. कोणत्या जागी काय हवे, हे ओळखणे हीच यंत्रविद्येतील खरी पारख होय.