क्रम आणि शेजार



इंदूरच्या भंवरकुआं भागातून खंडवा रस्त्याने देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या तक्षशिला परिसराकडे जाताना शिकवणीवर्गांच्या पाट्यांची रांग लागते. स्पर्धापरीक्षांसाठी गावोगावहून आलेली मुले तेथील अभ्यासिकांत रात्री जागवतात. साऱ्यांचे डोळे एका गुणवत्तायादीकडे लागलेले असतात. त्या यादीतील कोणतीही दोन नावे घ्या, एक पुढे असते व दुसरे मागे. पहिला दुसऱ्याच्या पुढे आणि दुसरा तिसऱ्याच्या पुढे असेल, तर पहिला तिसऱ्याच्याही पुढे असतोच. अशा मांडणीला गणिती तर्कशास्त्रात ‘रेषीय क्रम’ म्हणतात. ग्रंथालयाचे फडताळ हाही एक रेषीय क्रमच होय.

भारतीय ग्रंथालयांतील क्रमव्यवस्थेला शास्त्राची बैठक दिली ती गणिताच्या एका अध्यापकाने. शियाळी रामामृत रंगनाथन हे १९२४ साली अध्यापन सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली, १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण सिद्ध केले, आणि १९५७ ते १९५९ या काळात इंदूरच्या शेजारी, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात अध्यापनही केले. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे त्यांचे पाचवे सूत्र. या ‘वर्धिष्णू’ शब्दातच एक खोल गणिती प्रश्न दडलेला आहे.

कधीही न संपणाऱ्या एका फडताळाची कल्पना करावी. ग्रंथ येत राहतात, दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळतो आणि आधीच्या ग्रंथांत त्यांची जागा त्याच वेळी ठरते. कोणतेही दोन दाखल क्रमांक दिले, तर नोंदवही तेवढ्या पानापर्यंत उलटून कोणता ग्रंथ आधी, हे खात्रीने सांगता येते. यंत्रवत् पायऱ्यांनी उत्तर देणाऱ्या अशा क्रमाला ‘संगणनीय’ म्हणतात. आता दुसरा प्रश्न. ते दोन ग्रंथ कायमचे शेजारी आहेत काय? आज असतील, पण उद्या मध्ये तिसरा येणार नाही कशावरून?

यासाठी तर्कशास्त्रज्ञांची युक्ती अशी. फडताळावर पहिला, दुसरा, तिसरा असे खुणेचे ग्रंथ ओळीने ठेवत जावे. संगणकाच्या सर्व आज्ञावल्यांनाही तसेच क्रमांक देऊन त्या थोड्याथोड्या चालवाव्यात. पाचवी आज्ञावली चालता चालता थांबली, तर पाचव्या व सहाव्या खुणेच्या ग्रंथांमध्ये एक नवा ग्रंथ ठेवावा. ती कधीच थांबली नाही, तर ते दोघे कायमचे शेजारी. परंतु दिलेली आज्ञावली केव्हातरी थांबेल की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधाने या सिद्धांताचा पाया घातला. म्हणजे या फडताळावरचा क्रम सांगता येतो. शेजार ठरविण्याची रीत मात्र नाही.

खरे नवल पुढेच आहे. या अखंड फडताळाची घडण एक, दोन, तीन या साध्या अंकमालेसारखीच असते. प्रत्येक ग्रंथाआधी मोजकेच ग्रंथ. अंकमालेत कोणाचा शेजारी कोण, हे बालकही सांगते. घडण तीच, केवळ नोंदीची रीत निराळी. आणि तेवढ्यानेच एकीकडे सुलभ असलेले ज्ञान दुसरीकडे अप्राप्य ठरते. ज्ञान केवळ वस्तूंच्या मांडणीत नसते, ती मांडणी कशी नोंदविली यातही असते.

भंवरकुआंच्या विद्यार्थ्याची यादी एक दिवस जाहीर होऊन बंद होते. मग त्याच्या मागेपुढे कोण, हे कोणीही वाचून सांगावे. ग्रंथालयाची नोंदवही तशी बंद होत नाही. शंभर वर्षांनंतरही तिचे पुढचे पान कोरे असते. शेजारी नांदणाऱ्या दोन ग्रंथांमध्ये अजून न लिहिलेल्या तिसऱ्यासाठी जागा राहते. ती जागा राखणाऱ्या आणि प्रत्येक नोंद निष्ठेने करणाऱ्या हातांचे मोल, शताब्दीच्या या प्रसंगी, गणिताच्या साक्षीनेही मान्य करावे लागते.